उसवलेल्या कड्या

सर दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले की मी मनात म्हणायचो, झालं, आजचा दिवस गेला. पाठीवर ती नारिंगी सॅक, दोन्ही हात रिकामे आणि तोंडात ठरलेलं वाक्य : "थोडं उसवायचं हाय."

त्यांचं ते 'थोडं' मला चांगलं माहीत होतं. एक शिवण उसवायला घेतली की तिच्या पोटातली दुसरी उसवावी लागते, तिला धरून अस्तर येतं, अस्तराबरोबर चेन येते, आणि मग ती सॅक माझ्या मशीनवर सोललेल्या बोकडासारखी पसरून पडते. सर तोवर पायरीपाशीच उभे. स्टूल पुढं केलं तर म्हणायचे, "बसलो तर उठवायला तुलाच यावं लागंल. चालू दे तुझं." मग मी मान खाली घालून उसवत राहायचो.

पाटोद्यात स्टँडच्या मागल्या रस्त्याला माझं दुकान आहे. मोटारसायकलची सीट कव्हरं शिवायची, दप्तरांच्या चेनी बदलायच्या, ताडपत्र्या सांधायच्या, हा माझा धंदा. दिवसभर रेक्झिन ओढून ओढून संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. अशात ती सॅक आली की जीव नको व्हायचा. पण नाही म्हणायची सोय नव्हती. सरांनी मला आठवीला भूगोल शिकवला होता, आणि आमच्याकडं शिकवलेल्या मास्तरला नाही म्हणत नाहीत. तोंडावर तरी नाही. आता सर पुण्याला लेकीकडं असतात. सॅक अडकवायचा खिळा रिकामा आहे, आणि मला वाटलं होतं तेवढं बरं काही वाटत नाही.

सर तऱ्हेवाईक, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. त्यांना डावं-उजवं मान्यच नव्हतं. सगळं दिशेनं. वर्गात ओरडायचे, "पश्चिमेचे बाक, गप बसा." लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगायचे, "उत्तरेला वरण येऊ द्या," आणि तो बिचारा बादली घेऊन जागच्या जागी गिरक्या घ्यायचा. दुकानात सॅक खिळ्याला लावली की आधी तिचं तोंड उत्तरेला करायचे आणि मग म्हणायचे, "पूर्वेची पट्टी सैल कर जरा."

"सर, खाली काढून मशीनवर घेतली की पूर्व कोनती धरायची?"

"पूर्व जागची हालत न्हाई. सॅक हालली. तू ध्यानात ठेव."

मी कपाळाला हात लावायचो. गुडघे दाखवायला गेले तर डॉक्टरला म्हणाले म्हणे, "दक्षिणेचा जास्त दुखतो." डॉक्टरनं कुठल्या गुडघ्याला हात लावावा हे कळेना म्हणून त्यांनाच खुर्चीसकट फिरवलं. हे मला कंपाउंडरनं सांगितलं, सीट कव्हर न्यायला आलता तेव्हा. खरं-खोटं तो जाणे.

दुसरी एक तऱ्हा होती, ती दिसत होती पण तेव्हा तऱ्हा म्हणून ध्यानात आली नाही. सगळ्या मास्तरांकडं छडी असायची, सरांकडं नव्हती. मारत नाहीत म्हणून आम्ही खूश. पण भूगोलाच्या मास्तरला नकाशा दाखवायला तरी काहीतरी हातात लागतं की नाही? सर बोटानं दाखवायचे. काश्मीर आलं की स्टुलावर चढायचे, कन्याकुमारी आली की उकिडवे बसायचे. एकदा वर्गात साप निघाला. बाकीचे मास्तर "काठी आना, काठी आना" करत धावले आणि काठ्या घेऊन आलेसुद्धा. सरांनी तोवर कोपऱ्यातली कचऱ्याची बादली सापावर पालथी घातली होती आणि वर पाय देऊन उभे होते. एकानं काठी पुढं केली तर म्हणाले, "राहू दे, मला नको." पावसाळ्यात छत्रीही नाही. रेनकोट घालायचे, तो नसला तर सरळ भिजत यायचे. आम्ही पोरं म्हणायचो, सर जरा ढिले हायेत.

रिटायर झाले आणि त्यांचे गुडघे गेले. लेक पुण्याला नोकरीला, तिला सुट्टीच्या दिवशी किल्ले चढायचा नाद. तिनं वडिलांसाठी ती नारिंगी सॅक आणि हातात धरून चालायच्या दोन काठ्या आणल्या. एकात एक सरकून लहान होणाऱ्या, वर मऊ मूठ, खाली टोक. डोंगर चढणारे घेतात तसल्या. सर पहिल्यांदा त्या घेऊन दुकानात आले तेव्हा मी हातात घेऊन बघितल्या आणि म्हणालो, "काठ्या झकास हायेत, सर."

"पोल म्हण."

"कावून? काठ्याच की ह्या."

"ट्रेकिंगचे पोल म्हनतात त्याला. पोल म्हण."

बरं बाबा, पोल. काम काय ते सांगा. तर काम ऐकून मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. सॅकच्या दोन्ही अंगाला बाहेरून खाली पट्टीची कडी होती आणि वर रबरी फासा. पोलाचं टोक कडीत घालायचं, मूठ फाशात अडकवायची, काम खलास. बनवणाऱ्यानं डोकं लावूनच केलं होतं. सर म्हणाले, "ह्या कड्या उसव."

"अहो सर, पोल ठेवायलाच हायेत त्या."

"म्हाईत हाय. पोल आत बसले पाहिजेत. बाहेरनं टोकसुद्धा दिसायला नको. आन् सॅक पाठीवरनं न उतरवता आत गेले पाहिजेत."

"दिसले तर काय झालं? सोन्याचे हायेत का?"

"सोन्याचे असते तर बाहेर लावले असते," सर म्हणाले.

मी कड्या उसवल्या. चांगल्या जाड पट्टीच्या होत्या, टाकवेनात, म्हणून फाशांसकट बटणांच्या डब्यात ठेवल्या.

तिथनं आमची दोघांची वणवण सुरू झाली. आधी मी पाठीच्या बाजूनं आत एक लांब खोळ शिवली आणि वर चेन लावली. पण चेन उघडायला सॅक उतरवावी लागायची. सर म्हणाले, "उतरवताना सगळा भार एका पायावर येतो. हातात पोल न्हाईत, सॅक अर्धी खांद्यावर. पडलो तर?" उसवलं. मग खालून पूर्वेला एक चीर ठेवली, की हात मागं नेऊन पोल खालनं वर सारायचे आणि वेल्क्रोची चिकटपट्टी दाबायची. ते त्यांना पटलं. पटलं म्हणजे दुकानापासून पिंपळापर्यंत आणि पिंपळापासून दुकानापर्यंत त्यांनी रस्त्यावर फेऱ्या मारल्या, हात मागं, पोल आत, पोल बाहेर. शेजारचा चहावाला बघत होता. मला म्हणाला, "काय बे, सर लढाईला निघालेत का?" मी म्हणालो, तुझा चहा बघ. लोकांनी सरांना हसलेलं मला चालायचं नाही. हसायचा हक्क माझा होता, कारण उसवत मी होतो.

मग एका सोमवारी सर आले आणि पायरी चढून थेट स्टुलावर बसले. मी घाबरलोच. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "उसव सगळं."

काल काय झालं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. दर रविवारी सर आपल्या गावाला जात. तिथं त्यांचे वडील एकटे राहत, सर त्यांना आबा म्हणत. जीप फाट्यावर सोडते, तिथनं खिंडीची वाट, सगळी दगडाधोंड्यांची. तेवढी वाट सर पोल घेऊन चढायचे. वेस आली की पोल लहान करून सॅकेत घालायचे आणि मधल्या रस्त्यानं, पारावरनं, गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या वस्तीवर मोकळ्या हातांनी जायचे. काल नेमकं पारापुढं आल्यावर चिकटपट्टी सुटली आणि एक पोल खालनं सटकून सिमेंटच्या रस्त्यावर खणखणत पडला. पारावरचा एक म्हातारा उठला. त्यानं पोल उचलला, धोतराला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. म्हणाला, "सर, तुमची काठी."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? घेतली. काखेत मारली आन् गेलो."

"त्यात वाईट काय झालं, सर? मानसानं चांगुलपनानं उचलून दिली."

सरांनी सॅक माझ्या मशीनवर सारली आणि माझं डोकं फिरलं. इतके दिवसांचा शीण होता, तो बाहेर आला. "सर, एक इचारतो, राग मानू नका. हे लपवायचं कावून? चोरीच्या हायेत का काठ्या? माझा बाप मेंढ्यांमागं जलमभर काठी घेऊन हिंडला. मेला तवा आमी त्याच्या उशाला काठी ठिवली. आमच्यात बिनकाठीचा मानूस म्हंजी उघडा मानूस. आन् तुमी गुडघ्याचं खोबरं झालं तरी..."

सरांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातातली काठी त्याची होती. माझ्या आज्याच्या हातात गावाची होती."

आजा गावचा येसकर, वेशीचा राखणदार. घुंगरं लावलेली काठी आपटत दारोदार जायचं, शिळी भाकर मागून आणायची. कुणी मेलं की परगावी सांगावा घेऊन पळायचं. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. घुंगरांचा आवाज आला की बाया दारातूनच तुकडा टाकायच्या. आबा तेव्हा तरणे होते. धम्माची दीक्षा घेऊन आले, आज्याच्या हातातली काठी काढून घेतली, घुंगरं ओढ्यात फेकली आणि काठी मोडून चुलीत घातली. त्या जाळावर पाणी तापवून आज्याला अंघोळ घातली. आजा रडला म्हणे. आबा म्हणाले, आजपासनं आपल्या घरातला माणूस गावातनं हात मोकळे सोडून चालंल, काठी धरून चालणार नाही.

"मी शाळंत जायला लागलो तवा आबा मला वेशीपासनं घरापतूर चालवायचा," सर म्हणाले. "मागं मागं यायचा आन् म्हनायचा, हात सोड. हात सोडून चाल. आता त्याला दिसत न्हाई नीट. ओट्यावर बसून कान देऊन असतो. माझी पावलं लांबनं ओळखतो. त्या पावलांत काठीचा आवाज आला तर..."

ते काठी म्हणाले, पोल म्हणाले नाहीत, एवढं माझ्या ध्यानात आलं. मग एकेक लागत गेलं. छडी, नकाशा, सापावरची बादली, छत्री. आम्ही त्यांना ढिले म्हणत होतो.

"ऑपरेशन करून घ्या की, सर. लेक बोलावती ना?"

"महिने जातील त्यात. आबा नव्वदीचा. मधला रविवार कुनी भरायचा?"

"मग मी गाडीवर सोडत जातो. थेट ओट्यापुढं."

"गाडीवरनं पावलं ऐकू येत न्हाईत," सर म्हणाले, आणि हात पुढं केला. मी त्यांना धरून उठवलं.

त्यानंतर मी कुरकुर केली नाही असं मी म्हणणार नाही. केली. पण काम मात्र मन लावून केलं. नळाचं काम करणाऱ्याकडनं पाइपचा तुकडा आणला, सॅकच्या आत उभा बसवला, तोंड पूर्वेच्या खांद्यामागं येईल असं. पोल लहान करायचे, हात डोक्यावरनं मागं न्यायचा आणि सोडायचे, की सरळ आत. वर त्याच नारिंगी कापडाची झाकणपट्टी. सर पाठीवर घेऊन रस्त्यावर उतरले, चार पावलं गेले आणि थांबले. पोल पाइपात खडखड वाजत होते.

"वाजतंय," ते म्हणाले.

"ॲल्युमिनियम हाय सर, थोडं वाजनारच."

"वाजायला नको."

एवढंच. पण आता मला घुंगरांचं ठाऊक होतं, त्यामुळं पुढं विचारायची गरज नव्हती. पाइपाला आतनं स्पंज लावून बघितला, पोल अडकायला लागले. रेक्झिन लावलं, तर ते करकरायचं. शेवटी घरी जाऊन ट्रंक उघडली. वर बापाची घोंगडी होती, कसर लागलेली, पण मधली लोकर अजून शाबूत. कात्री लावली तशी बायको स्वयंपाकघरातनं आली.

"आवो, मामांची घोंगडी कापताव व्हय?"

"सरांच्या सॅकला पायजे."

तिला मी सगळं सांगितलं होतं. "मंग नीट कापा," म्हणाली, "वाकडीतिकडी नका कापू."

लोकर पाइपात चिकटवली. पोल आत गेले की आत गेल्याचंसुद्धा कळायचं नाही. झाकणाची चिकटपट्टी उघडताना कर्रकन आवाज करायची, म्हणून सरांनी घरातला बिघडलेला स्पीकर फोडून लोहचुंबक आणलं, ते मी झाकणाच्या कडेत शिवून टाकलं. सर पिंपळापर्यंत जाऊन आले. परत येऊन पायरीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या रविवारी चल माझ्याबरोबर. तुझं काम बघ."

मी दुकान बंद ठेवलं आणि गेलो. खिंडीत सर निराळेच दिसले. दोन्ही हातांत पोल, टकटक करत पुढं, तोंड अखंड चालू. हा डोंगर कुठनं आला, पाणी कुठल्या बाजूला उतरतं, नैऋत्येचा वारा कसा अडतो. मी मागं धापा टाकत होतो. "इथं बरं धरताव हातात," मी म्हणालो, तर म्हणाले, "डोंगराची आन् आपली वळख न्हाई. त्याला काय फरक पडतो?"

वेस म्हणजे दगडाचे दोन खांब उरलेत. तिथं सर थांबले. पोल लहान केले, हात डोक्यावरनं मागं नेला, एक सोडला, दुसरा सोडला. काही वाजलं नाही. झाकण आपोआप बसलं. मग त्यांनी दोन्ही हात मोकळे सोडले आणि चालायला लागले.

ते चालणं मला बघवत नव्हतं. एकेक पाऊल टाकताना ओठ आवळायचे, कानशिलावरनं घाम गळत होता, आणि हात मात्र हलत होते. मी कोपराला धरायला गेलो तर खालच्या आवाजात म्हणाले, "हात लावू नको." पारावर म्हातारी माणसं बसली होती. "राम राम, सर," "जय भीम, सर," झालं. त्यातल्याच एकानं, बहुतेक पोल उचलून देणारा तोच, हसून म्हटलं, "सर, आता काठी घ्यावा की हातात. वय झालं आपलं."

"लागंल तवा घेईन, तात्या," सर म्हणाले, आणि हसलेसुद्धा. तात्याच्या मनात काही नव्हतं. सरांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं.

आबा ओट्यावर वाकळ अंथरून बसले होते, पांढरा सदरा, मान थोडी वाकडी करून कान रस्त्याकडं. आम्ही लांब असतानाच म्हणाले, "आला का रं?"

"आलो आबा."

"पाय घासतोय तुजा."

"नवी चप्पल हाय, आबा."

सरांनी मी कोण ते सांगितलं, सॅक भिंतीला टेकवली आणि चहा ठेवायला आत गेले. आबांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, वाकळ दुमडलीय, जरा सरळ कर. मी वाकळेखाली हात घातला आणि हाताला काहीतरी लागलं. लांब, गोल. मी उचलणार तोच आबांनी माझं मनगट धरलं. त्या वयात एवढी पकड.

"राहू दे," ते कुजबुजले. "त्याला बोलू नगंस."

काठी होती. साधी, बांबूची, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"रातीचं, पानी प्यायला, भाईर जायला, लागती मला," आबा म्हणाले. "पन मीच त्याला सांगितलतं ना, काठी धरायची न्हाई म्हनून. त्यानं सारा जलम पाळलं. आता मीच धरली तर त्याला काय वाटंल?"

आत सर कपबश्या धूत होते. भिंतीला ती नारिंगी सॅक, तिच्यात दोन पोल. वाकळेखाली ही काठी. मला हसावं का रडावं तेच कळेना. सर चहा घेऊन आले आणि आम्ही तिघांनी तो प्यायला, मी मधे. बापलेक पावसाचं, शेळीचं, पुण्याच्या नातीचं बोलत होते. दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघांचं ओझं माझ्या छातीवर येऊन बसलं होतं. आबांनी सांगू नको म्हटलेलं, सरांचंही सांगायचं नव्हतं. मी बशी खाली ठेवली.

येताना वेशीबाहेर सरांनी पोल काढले. मी म्हणालो, "सर, आबाला सांगून टाका एकदा. त्यांना कळंल."

"नव्वदीच्या मानसाला काय कळवायचं आता?" ते म्हणाले. "मोकळ्या हातांचा पोरगा ऐकतो तो. ऐकू दे."

आबा थंडीत गेले. मला उशिरा कळलं. मातीला पोचता आलं नाही, नंतर भेटून आलो, तेव्हा घरात माणसं होती, बोलणं काही झालं नाही.

मग एका सकाळी मशीनवर बसलो होतो आणि रस्त्यावरनं आवाज आला. टक, टक. मान वर करून बघितलं तर सर. पाटोद्याच्या रस्त्यानं, भर बाजारातनं, दोन्ही हातांत पोल. पाठीवर सॅक, आणि सॅकच्या तोंडातनं आबांची काठी तिरकी वर आलेली, दोरीनं कशीबशी बांधलेली. येऊन स्टुलावर बसले.

"वाकळ उचलली तर खाली होती," ते म्हणाले.

मी मशीन थांबवलं.

"तुला ठावं होतं?"

"होय."

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"त्यांनी सांगू नगंस म्हनलं, सर. तुमचं बी त्यांना सांगायचं नव्हतं. मी काय करू?"

सर एकदम हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि तळहातानं डोळे पुसले, आणि मग नुसतेच डोळे पुसत राहिले. चहावाला बघत होता, मी त्याला हातानंच आत जा म्हणून खुणावलं. मलाही आवरेना. खोटं कशाला बोलू.

"ही लहान होत न्हाई," सर काठीवर हात ठेवून म्हणाले. "तुझ्या पाइपात बसत न्हाई. घालून बघितली."

"मग काय करायचं?"

"पहिल्या कड्या हायेत का रं?"

मी बटणांचा डबा उलटा केला. खाली होत्या, दोन्ही, फाशांसकट. धूळ झटकली. एवढी उसवाउसवी, एवढा पाइप, एवढी घोंगडी, आणि आम्ही पहिल्या दिवसाच्या जागी येऊन उभे होतो. मला इतकं थकल्यासारखं झालं की मशीनवरचा पाय हलेना.

"दिसंल बरं का, सर. वर हातभर येईल."

"दिसू दे. पूर्वेला लाव."

मी डबल दोऱ्यानं शिवलं, टाके दोनदा मारले. पूर्व कोणती ते विचारलं नाही.

रविवारी ते बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण मीच जाऊन जीपपाशी उभा राहिलो. फाट्यावर उतरलो, खिंड चढलो. सर त्या दिवशी डोंगराविषयी काही बोलले नाहीत. वेशीपाशी ते थांबले. सवयीनं पोल लहान करायला हात गेला, मूठ पिळलीसुद्धा. मग त्यांनी ती परत घट्ट केली.

आणि दोन्ही हातांत पोल, पाठीवर आबांची काठी डोक्याच्या वर आलेली, तसे ते गावात शिरले. सिमेंटवर टकटक होत होती. दारातल्या बाया बघायला लागल्या. पारावर तात्या होते, ते बोलायला गेले आणि काठीकडं बघून नुसते उठून उभे राहिले. सर थांबले नाहीत. पाय घासत नव्हता त्यांचा, नीट पडत होता.

ओट्यावर कुणी नव्हतं. वाकळ घडी करून कोपऱ्यात ठेवली होती. सर तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि दर रविवारच्या आवाजात म्हणाले, "आलो आबा."

मी मागं उभा होतो.

"काठी घेऊन आलो," सर म्हणाले.